तारण : गहाणवटीतले की पाण्यातले?

प्रश्न असा आला आहे : ‘आमच्या मंडळीत उपदेशक नेहमी “तारणाची खात्री” म्हणतात, एका पत्रकात मात्र “तारणाची हमी” असे छापले आहे. यांतले बरोबर कोणते? आणि हे तारण म्हणजे बँकेत ठेवतात तेच तारण का?’

ख्रिस्ती बोलीत तारण म्हणजे पापातून आणि मरणातून सुटका. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्याचे चुकीचे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ‘प्रभूने आपल्यासाठी स्वतःला तारण ठेवले, म्हणून आपले तारण झाले’ हे वाक्य उपदेशात आले की माना डोलतात. श्लेष कानाला गोड लागतो खरा, पण त्याने शिकवण पार उलटी होते. तारण ठेवलेला दागिना ऋणकोला परत मिळतो तो त्याने कर्ज फेडल्यावर. हा दाखला शेवटपर्यंत नेला तर कर्ज अजून आपल्याच डोक्यावर आहे आणि ते आपणच फेडायचे आहे, असे म्हणावे लागेल. आणि बायबलमधले इफिसकरांस पत्र (२:८) तर सांगते की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेले आहे आणि ते देवाचे दान आहे.

शब्दाचे मूळ पाहिले तर हा घोळ होतच नाही. संस्कृतातील ‘तॄ’ धातूचा अर्थ पाणी ओलांडून पलीकडे जाणे. त्यातून आपले तरणे आले, दुसऱ्याला तरवून नेणे ते तारणे, आणि त्याचे नाम तारण. तारू, उतारू, नदीचा उतार, इतकेच काय तीर्थ आणि अवतार हेही याच कुळातले. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याजोगी जागा.

मग गहाणवटीतले तारण कुठून आले? काही अभ्यासक हे दोन स्वतंत्र शब्द मानतात आणि त्यांचा उच्चार योगायोगाने सारखा झाला असे सांगतात. मला हे मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण शोधायला कोश उघडण्याचीही गरज नाही, बाजारात कान उघडे ठेवले तरी पुरे. मराठीत कर्ज काय होते? बुडते. न फेडणारा बुडव्या, वसूल न होणारे कर्ज बुडीत, भलत्या ठिकाणी घातलेले पैसे पाण्यात गेले, व्यापारी कर्जात गळ्यापर्यंत बुडाला आणि नशिबाने त्यातून वर आला. देण्याघेण्याची सारी भाषाच जर पाण्यात उभी असेल, तर बुडणाऱ्या रकमेला वर धरून ठेवणाऱ्या वस्तूला तारण हेच नाव मिळणार. सोने तारण कर्ज घ्या किंवा बाजार समितीची शेतमाल तारण योजना घ्या, त्या गोदामातली पोती सावकाराच्या पैशाला बुडू देत नाहीत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. म्हणजे शब्द एकच आहे, पण त्याचा प्रवाह पाण्याकडून पेढीकडे गेला आहे. पेढीवरचा अर्थ घेऊन उलट पाण्याकडे जाणारा उपदेशक प्रवाहाविरुद्ध पोहत असतो.

तारण हा मिशनऱ्यांनी घडवलेला, कृत्रिम शब्द आहे, असे म्हणणाऱ्यांशी तर माझे तीव्र मतभेद आहेत. भवसागर तरून जाण्याची भाषा वारकरी संतांनी या मातीत कधीच रुजवली होती. ख्रिस्ती भाषांतरकारांनी तीच उचलली, आणि योग्यच केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. सेतू हे रूपकही पाण्यावरचेच आहे.

भाषांतरात या निवडीने काय साधले ते पाहा. ग्रीक ‘सोझो’ या क्रियापदाचा अर्थ वाचवणे, सुखरूप ठेवणे, बरे करणे. त्यात पाणी असलेच पाहिजे असे नाही. तरी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात हेच क्रियापद ज्या अनेक ठिकाणी येते त्यांतली दोन पाहा : तुरुंगाच्या अधिकाऱ्याला ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे तारण होईल’ असे सांगितले जाते तिथे (१६:३१), आणि प्रेषित पौलाचे जहाज वादळात सापडल्यावर वाचण्याची आशा सुटते तिथे (२७:२०). त्या जहाजावर २७६ माणसे होती आणि सगळी माल्टाच्या किनाऱ्याला सुखरूप लागली. ही दोन तारणे ग्रीकमध्ये एका शब्दाने जोडलेली आहेत, आणि मराठी तारण तो सांधा आपल्या मुळातच बाळगून आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (५:२४) विश्वास ठेवणारा ‘मरणातून जीवनात पार गेला आहे’ असे मराठी भाषांतर आहे. ‘जाईल’ असे तिथे म्हटलेले नाही, ‘गेला आहे’ असे म्हटले आहे. मूळ ग्रीकमध्येही पूर्ण झालेल्या क्रियेचेच रूप आहे. तारणाची खात्री ही सारी शिकवण त्या एका ‘आहे’वर उभी आहे.

ज्यांना पेढीवरचाच दाखला हवा असेल त्यांच्यासाठी पौलाने तो दिलेला आहे, आणि तो तारणाचा नसून विसाराचा आहे. इफिसकरांस पत्रात (१:१४) पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटले आहे. मूळ शब्द ‘अर्राबोन’, आणि तो ग्रीकमध्ये सेमिटिक व्यापाऱ्यांकडून आलेला. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात यहूदा तामारेकडे आपली मुद्रा, दोरी आणि काठी ठेवतो, तिथे हिब्रूत याच शब्दाचे मूळ रूप आहे. पण तिथली वस्तू गहाण आहे, करडू पाठवले की परत मिळायची. पौलाच्या हाती हा शब्द बदलला. विसार परत मागायचा नसतो. तो ठरलेल्या रकमेचाच पहिला भाग असतो, त्याच नाण्यातला. जमिनीच्या व्यवहारात विसार हाती पडला की उरलेली रक्कम येणार असे आपण धरून चालतो, त्याप्रमाणे आत्मा लाभला की वतनाचा पहिला हप्ता आजच हाती आला. (आधुनिक ग्रीकमध्ये याच शब्दाला वाङ्निश्चयाचा अर्थ आला आहे, आणि मला तो फार आवडतो.)

आता हमी आणि खात्री. हे दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण एकमेकांच्या जागी चालणारे नाहीत. हमी देणारा देतो. खात्री घेणाऱ्याच्या मनात पटते. खात्रीचे मूळ अरबी ‘खातिर’, म्हणजे मन. तिचीच बहीण खातरजमा, म्हणजे एकवटलेले, विखुरलेले नसलेले मन. जुन्या पत्रांत ‘खातरजमा असू द्यावी’ म्हणजे मन निश्चिंत असू द्यावे. हल्ली ‘बातमीची खातरजमा करा’ म्हणजे पडताळा घ्या, एवढ्यावर तो शब्द आला आहे, आणि त्याच वळणाने लोक ‘माझ्या तारणाची खात्री करून घेतो’ असेही म्हणू लागले आहेत. ते टाळावे. रोमकरांस पत्रात (८:३८) पौल ‘माझी खातरी आहे’ म्हणतो, तिथे ग्रीक रूप कर्मणी आहे : खात्री पटवली गेली आहे, पटवणारा दुसरा आहे. तेव्हा ‘खात्री पटणे’ किंवा ‘खात्री असणे’ हाच प्रयोग करावा.

पत्रकात त्या शीर्षकाखाली विसाराचे वचन छापले असेल, तर ‘तारणाची हमी’ राहू द्यावे. खाली योहानाच्या पहिल्या पत्रातले ‘सार्वकालिक जीवन लाभले आहे हे तुम्हांला कळावे’ हे वचन (५:१३) असेल, तर शीर्षक बदलून ‘तारणाची खात्री’ करावे, कारण तिथे बोलणे देणाऱ्याच्या वचनाबद्दल नसून वाचणाऱ्याच्या मनाबद्दल आहे.