18 एमएमच्या नादात उशिरा डिप मारू नका

दिंडोरी, निफाडकडून सध्या सगळ्यांचा एकच प्रश्न येतोय. थॉमसन जातीच्या द्राक्षाचे मणी 12 एमएमला आलेत, एक्स्पोर्टवाला 18 एमएमशिवाय मालाला हात लावत नाही, दुकानदार म्हणतो सीपीपीयूचा (मणी फुगवायच्या संजीवकाचा) अजून एक डिप घ्या, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवा, घेऊ का?

नका घेऊ. सीपीपीयूची वेळ मणी 3-4 ते 6-7 एमएमचे असतानाची, तीही एक-दोन पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात एक-दोन भाग औषध) आत. आता मारलंत तर साल जाड होईल, साखर भरायला उशीर होईल, मणी हिरवेच राहतील आणि तोच एक्स्पोर्टवाला ब्रिक्स मीटर (गोडी मोजायचं यंत्र) लावून माल नाकारेल. दुकानदाराची बाटली मात्र तोवर विकली गेलेली असेल. डोस वाढवला म्हणून फुगवण वाढत नाही हो, किती वेळा सांगायचं!

फुगवण कमी का आहे ते आधी बघा. बागेत उतरा, झाडावरचे घड मोजा. दीड चौरस फुटाला एक घड धरायचा, म्हणजे 9 बाय 5 च्या बागेत झाडाला 30. बऱ्याच बागांत 45-50 घड लटकलेले असतात आणि मालक औषध विचारतो. जादाचे घड आजच काढा, घडात 90-100 मणी ठेवा, कात्री चालवायला जीवावर येतं माहितीये पण दुसरा उपाय नाही. थिनिंग, म्हणजे मण्यांची विरळणी, खरं तर आधीच व्हायला पाहिजे होती, पुढच्या वर्षी 3-4 एमएमलाच सुरू करा.

दुसरं, व्यापारी सांगेल ते मारायचं असेल तर आधी त्याच्याकडून लेखी घ्या. 2010 आठवतंय ना? युरोपात आपल्या द्राक्षात लिहोसिनचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा रेसिड्यू (उरलेला अंश) सापडला, कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं आणि मार खाल्ला शेतकऱ्यानं. आता तर काही युरोपीय सुपरमार्केट एमआरएलच्या (औषधाच्या अंशाची कायद्यानं ठरलेली कमाल मर्यादा) एक तृतीयांशाच्या वर चालू देत नाहीत आणि सॅम्पलमध्ये चार-पाचच औषधं खपवून घेतात. त्यामुळे छाटणीआधीच विचारा माल कुठं जाणार, त्या देशाची यादी कोणती. बिनयादीचं 'टॉनिक' दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नका, त्यात काय कालवलंय ते लेबलवर नसतं. पीएचआय, म्हणजे तोडणीआधी थांबायचे दिवस, मोजायचा तो शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत. व्यापारी म्हणतो उद्या गाडी येतेय म्हणून दिवस कमी होत नाहीत.

ग्रेपनेट नोंदणी (निर्यातीसाठी बागेची नोंद) आणि फळपीक विमा, दोन्हीच्या तारखा कृषी सहायकाला विचारून घ्या, उशीर झाला तर मग आमच्याकडे येऊन उपयोग नाही.

व्यापाऱ्याकडून इसार (आगाऊ रक्कम) घेतलाय म्हणून भीत असाल तर सौद्याच्या पावतीवर साइज, ब्रिक्स आणि उरलेल्या मालाचा भाव लिहून घ्या. 16 एमएमचा माल लोकल मार्केटला आणि इतर देशांनाही जातो, तो फुकट जात नाही.