हळद 'उष्टी' का?

प्रश्न असा आला आहे : "धाकट्या बहिणीच्या लग्नाची तयारी सुरू आहे. पत्रिकेत 'उष्टी हळद' असे छापावे, असा आजीचा आग्रह आहे. 'उष्टी' हा शब्द मंगलकार्यात बरा दिसत नाही, त्याऐवजी 'शुभ हळद' किंवा 'हळदी समारंभ' असे लिहावे, असे घरातल्या बाकीच्यांचे म्हणणे आहे. काय लिहावे, आणि मुळात हा शब्द आला कुठून?"

हळद म्हणजे काय आणि ती कशासाठी लावतात, हे विचारणाऱ्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे त्यात शाई घालवण्याचे कारण नाही. 'हळदी समारंभा'चा निकाल मात्र आधी लावून टाकणे भाग आहे, कारण हा प्रकार आता मंगल कार्यालयांच्या फलकांपासून फुलवाल्यांच्या दरपत्रकापर्यंत सगळीकडे डोळ्यांत खुपतो. मराठीतला शब्द 'हळद' हा आहे. 'हळदी-' हे त्याचे सामान्यरूप असून ते प्रत्ययावाचून उभे राहत नाही, म्हणून आपण हळदीला जातो, हळदीची साडी नेसतो आणि नवऱ्या मुलाला मात्र हळद लावतो. हळदीकुंकवाचा दाखला पुढे करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तो पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला जोडशब्द आहे. हिंदी मालिकांतून उचलून आणलेल्या 'हल्दी'ला त्याच्या पदराआड लपता येणार नाही.

वास्तविक 'हळद' या रूपाला केवढे मोठे कूळ आहे, हे कळले तर कोणी 'हल्दी'च्या वाटेला जाणार नाही. संस्कृत 'हरिद्रा'तल्या 'र'चा प्राकृतात 'ल' होतो आणि ज्या शब्दांत असा बदल घडतो, त्या सगळ्या गटाला प्राकृत वैयाकरणांनी हळदीचेच नाव दिले आहे. वररुचीचे सूत्र आहे 'हरिद्रादीनां रो लः' आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचे 'हरिद्रादौ लः'. याच गटात 'अंगार'चा 'इंगाल' होतो, जो आपल्याकडे 'इंगळ' म्हणून निखाऱ्याच्या अर्थाने टिकला, आणि 'दरिद्र'चा 'दलिद्द' होतो, ज्याची आठवण 'दळिद्र' हा शब्द उच्चारताना व्हावी. हळद, इंगळ आणि दळिद्र ही एकाच सूत्राची भावंडे आहेत, हे पाहून मला होणारा आनंद सर्वांना होईलच असे नाही. म्हणून आता 'उष्टी'कडे वळतो.

'उष्टी' हा शब्द 'उच्छिष्ट' या संस्कृत शब्दावरून आला. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की यावर दोन भलत्याच व्युत्पत्ती फिरत असतात. हळद प्रकृतीने उष्ण, म्हणून 'उष्णी', आणि त्याची 'उष्टी' झाली, अशी एक. 'उटी' म्हणजे अंगाला लावण्याचा लेप आणि त्या उटीचीच 'उष्टी' झाली, अशी दुसरी. 'ण'चा 'ट' कोणत्या नियमाने झाला, हे पहिल्या मताचे पुरस्कर्ते सांगत नाहीत, आणि 'उटी'तल्या सरळ 'ट'च्या आधी 'ष' कुठून उगवला, याचे उत्तर दुसऱ्यांकडे नाही. दोन्ही मते अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली आहेत. शिवाय शब्दाला 'शुद्ध' करण्याची धडपड त्यांच्यामागे स्पष्ट दिसते. उष्टेपणाची लाज वाटते, म्हणून त्याला दुसरे गोत्र शोधून द्यायचे.

लाज वाटण्यासारखे त्यात काहीही नाही. 'उद्' हा उपसर्ग आणि 'शिष्' म्हणजे उरणे हा धातू, यांपासून 'उच्छिष्ट' बनतो. अर्थ एवढाच की जे मागे उरले ते. याच धातूचे 'शेष', 'अवशेष' आणि 'विशेष' हे शब्द आहेत, ग्रंथाच्या शेवटी जोडलेले 'परिशिष्ट' याच धातूचे आहे, आणि शेषनागाच्या नावातही तोच आहे. अथर्ववेदाच्या ११ व्या कांडात तर या उच्छिष्टाच्या स्तुतीचे एक संपूर्ण सूक्त आहे. 'उच्छिष्टे नाम रूपं चोच्छिष्टे लोक आहितः' अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे नाम, रूप आणि अवघे जग त्या उरलेल्यावर आधारलेले आहे. गणपतीची जी ३२ रूपे सांगितली जातात, त्यांत उच्छिष्ट गणपती आहे आणि त्याच यादीत हरिद्रा गणपतीही आहे. पत्रिकेवर गणपती छापणाऱ्यांना याहून अधिक काय हवे?

यावर एका व्यासंगी गृहस्थांनी मला गीतेचा १७ वा अध्याय ऐकवला, ज्यात उच्छिष्ट भोजन तामसी लोकांना प्रिय असते असे म्हटले आहे. श्लोक खरा आहे. पण त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'यज्ञशिष्टाशिनः सन्तः' आहे, म्हणजे यज्ञातून उरलेले खाणारे सज्जन सर्व पापांतून सुटतात. आणि तिथला 'शिष्ट' याच 'शिष्' धातूचा आहे. उरलेले कशातून उरले, यावर त्याची योग्यता ठरते. ताटातून उरले तर खरकटे, यज्ञातून उरले तर प्रसाद. गीतेतला अर्धाच श्लोकसंग्रह घेऊन मंगलकार्यात शब्दांची झाडाझडती घेणाऱ्यांना एवढे तरी माहीत असावे.

मराठीने तर या शब्दाला घरातच मान दिला आहे. तान्ह्या बाळाला पहिला घास भरवतात, तो संस्कार पोथीत 'अन्नप्राशन' आणि घरात 'उष्टावण'. मामा सोन्याच्या अंगठीने खिरीचे बोट चाटवतो आणि सगळे घर कौतुकाने पाहते. तिथे 'उष्टे' म्हणजे पहिल्यांदा तोंड लागलेले. माझे मत असे आहे की 'उष्टी हळद' या प्रयोगातही हीच छटा प्रधान आहे, उरण्याची छटा दुय्यम. या शब्दाच्या रूपाविषयीही माझे एक मत आहे. प्राकृतातून मराठीत उतरताना 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांचा 'ठ' होतो : मुष्टीची मूठ, पृष्ठाची पाठ, ओष्ठाचा ओठ, अंगुष्ठाचा अंगठा. 'उष्टे' मात्र आपला 'ष्ट' सांभाळून आहे, जसे 'गोष्ट' आणि 'दृष्ट' हे शब्द आहेत. म्हणजे तो लोकांच्या तोंडी झिजत झिजत आलेला नसून संस्कृत जाणणाऱ्या, बहुधा विधी सांगणाऱ्या मंडळींकडून उशिरा घरात शिरला असावा, आणि स्वयंपाकघराने त्याला खरकट्याच्या शेजारी नंतर बसवले असावे. हिंदीतल्या 'जूठा'ची कथा तर याहून गोड आहे, कारण त्याचे मूळ 'जुष्ट', म्हणजे आवडीने सेवन केलेले. पण तो विषय वेगळा.

ज्या कृतीला हे नाव आहे, ती पाहिली की शंका उरत नाही. मुलाकडे जात्याच्या खुंट्याला आंब्याची पाने आणि सुपारी बांधून सवाष्णी हळकुंडे दळतात. ती हळद कालवून आंब्याच्या पानाने मुलाच्या पायांना लावतात, मग गुडघ्यांना, खांद्यांना आणि शेवटी कपाळाला. वाटीत जी उरते, ती झाकून, हळदीची साडी आणि नारळ बरोबर घेऊन, मुलाकडच्या बायका मुलीकडे नेतात आणि मग तिला हळद लागते. वाटीतली ही हळद, म्हणजे उष्टी हळद. दोन्ही पक्षांना एकाच मांडवात दोन वेगळ्या वाट्यांतून हळद लावली जात असेल, तर तिला उष्टी म्हणणे चूक आहे. तिथे नुसते 'हळद' पुरते.

मुलाची उरलेलीच हळद मुलीने का लावून घ्यावी, असे कोणी विचारील, तर तो आक्षेप रीतीवर आहे आणि तो घेण्याचा बहिणीला पूर्ण अधिकार आहे. वाटल्यास मुलीकडची वाटी मुलाकडे पाठवावी, वाटल्यास वाट्यांची अदलाबदल करावी. तसे केले तरी हळद उष्टीच राहील, फक्त दोन्हीकडून.

तेव्हा मुलाकडची वाटी खरोखरच येणार असेल, तर आजी म्हणते तसे 'उष्टी हळद' छापावे, आणि मुद्रितशोधन करताना 'उष्टी'तला 'ष' पोटफोड्या आहे ना, हे पाहून घ्यावे. 'शुभ हळद' लिहू नये. अशुभ हळद नावाचा प्रकार अस्तित्वात नाही.