आधी एसएमपीएस, मग ग्राफिक्स कार्ड

प्रश्न : माझे गाव दारव्हा तालुक्यात आहे. २०१९ मध्ये अमरावतीहून जोडून आणलेल्या माझ्या संगणकात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबीची एकच रॅम, चार जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर १०८०पीचा, ६० हर्ट्झचा आहे. नवे गेम फार अडखळतात. यंदा सोयाबीनच्या पैशांतून चाळीस हजार रुपये द्यायचे वडिलांनी कबूल केले आहे. परंतु दुकानदाराच्या मते प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम हे सगळेच बदलावे लागेल आणि एवढ्यात ते भागणार नाही. मी काय करावे? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलावरून तरी सगळेच बदलावे लागेल असे म्हणता येत नाही. आपला मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा आहे; सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा. २०१७ मध्ये रायझनची पहिली पिढी याच सॉकेटवर आली आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० देखील याच सॉकेटवर बसतो. बी४५० मदरबोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डातच असलेली प्रणाली) अद्ययावत केले की तो आपल्या बोर्डावर चालू शकतो. याउलट नव्या एएम५ सॉकेटकडे वळायचे झाले, तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांच्या जोडीला डीडीआर५ रॅमही घ्यावी लागते, कारण आपली डीडीआर४ रॅम त्या खाचेत बसतच नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की, त्या वाटेने गेल्यास ग्राफिक्स कार्डासाठी हाती काहीच उरणार नाही, आणि गेम तर मुख्यतः त्या कार्डावरच चालतो. म्हणून मदरबोर्ड आहे तोच ठेवावा.

खरेदीला निघण्यापूर्वी एक संध्याकाळ तपासणीसाठी काढा. जो गेम अडखळतो तो सुरू करा, त्यातील रिझोल्युशन आणि चित्राची प्रत अगदी खाली आणा आणि फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या, वाढतो का ते पाहा. आकडा झपाट्याने वाढला तर अडचण कार्डाची आहे. तो होता तिथेच राहिला तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडत आहे, असे समजावे. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा रकानाही पाहा. आठ जीबीपैकी साडेसात जीबी भरलेली दिसली आणि हार्ड डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर गेम मध्येच दोन-दोन सेकंद गोठण्याचे कारण तेथे आहे, कार्डात नाही. आपल्या बाबतीत कार्ड, रॅम आणि हार्ड डिस्क या तिन्ही बाजूंनी ओढाताण होत असावी आणि प्रोसेसरचा क्रम सर्वांत शेवटी लागावा, असा माझा अंदाज आहे.

तरीही पहिला पैसा यांपैकी कशावरही न घालता एसएमपीएसवर घाला, असे मी आग्रहाने सांगतो. आपले सध्याचे कार्ड सुमारे ७५ वॅट घेते आणि त्या कार्डाच्या बहुतेक नमुन्यांना वेगळी वायर लागत नाही. म्हणजे जुन्या एसएमपीएसची कसोटी आजवर कधी लागलेलीच नाही. नवे कार्ड ११५ ते १७० वॅट घेईल, आठ पिनची स्वतंत्र वायर मागेल आणि गेममध्ये एखादा मोठा स्फोट दिसला की क्षणात त्याची मागणी याहून वर जाईल. त्यातच आपल्याकडची वीज. रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याला पाणी सुरू झाले की संध्याकाळी घरातला पंखा मंदावतो, ट्यूबलाइट लुकलुकते, आणि घरांना वीज देणारा गावठाण फीडर शेतीपंपांहून वेगळा असला तरी गावाच्या टोकाच्या घरांपर्यंत विजेचा दाब पुरता पोहोचत नाही, हे आपण रोज पाहत असाल. एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावर इनपुटची एक ओळ असते, ती दुकानातच वाचा. तेथे २०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर तो आपल्या घरासाठी नाही. १०० ते २४० व्होल्ट असे असेल, तर दाब दीडशेपर्यंत घसरला तरी तो सांभाळून घेतो. असा ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस आपल्याला पुरेसा आहे. ८० प्लस ही खूण वीज किती वाया जाते हे सांगते, आतले भाग किती टिकाऊ आहेत हे सांगत नाही. म्हणून केवळ त्या खुणेवर विसंबू नये.

मी हे इतके का लावून धरतो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पुसदकडच्या एका विद्यार्थ्याचा संगणक माझ्याकडे आला होता. दुपारी वीज गेली, काही वेळाने आली, पुन्हा गेली आणि पुन्हा आली, आणि त्या दुसऱ्या खेपेला कॅबिनेटमधून ‘टप्प’ असा आवाज आला. मी झाकण काढले तेव्हा जळक्या डिंकासारखा वास खोलीभर पसरला. एसएमपीएस हातात घेतला, तर तो रिकाम्या डब्याइतका हलका लागला. अंगावर मात्र ४५० वॅट असे ठळक छापलेले होते. आतल्या दोन कपॅसिटरांची टोके फुगून फाटली होती, आणि मदरबोर्डावर जेथे चोवीस पिनची वायर बसते त्याच्या शेजारी नखाएवढा काळा डाग पडला होता. मदरबोर्ड गेला, नवीन कार्डही गेले. त्या मुलाने कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी करून ते कार्ड घेतले होते. एसएमपीएसवर त्या वेळी दोन-अडीच हजार रुपये अधिक घातले असते, तर बाकी सारे वाचले असते.

रॅम आणि डिस्क यांचे काम सोपे आहे. आपल्या रॅमच्या वेगाचीच आणखी एक आठ जीबीची पट्टी घेऊन मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांत दोन्ही बसवा, म्हणजे त्या जोडीने काम करतील. त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू करा. ते बंद राहिल्यामुळे ३२०० वेगाची रॅम वर्षानुवर्षे २४०० किंवा २६६६ वर चाललेली मी अनेकांकडे पाहिली आहे. पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डावर बसणारी, चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, घ्या आणि विंडोजसह आवडीचे दोन-तीन गेम तिच्यावर ठेवा. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, वायरने जोडायची साधी सॅटा एसएसडीदेखील साडेपाचशेच्या घरात वाचते, आणि एनव्हीएमई त्याहून कितीतरी पुढे आहे. विंडोज १०ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्यामुळे नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकून घ्या. आपला प्रोसेसर त्याला चालतो, मात्र बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागेल.

आता कार्डाकडे वळू. एकूण रकमेपैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग कार्डासाठी ठेवा. भाव आठवड्यागणिक हलतात, त्यामुळे येथे आकडे छापत नाही. १०८०पी, ६० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० यांपैकी जे हाती येईल ते पुरेसे आहे. या तिन्ही कार्डांची मेमरी आठ जीबी आहे, म्हणजे आपल्या आताच्या कार्डाच्या दुप्पट. विजेची भूक मात्र वेगवेगळी आहे : आरटीएक्स ४०६० सुमारे ११५ वॅट, आरएक्स ६६०० सुमारे १३२ आणि आरएक्स ७६०० सुमारे १६५ वॅट घेते. आपल्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्ड बसवण्याच्या खाचेची, तिसरी पिढी आहे आणि ही कार्डे तिच्यातल्या माहिती वाहणाऱ्या आठच मार्गिका वापरतात, त्यामुळे थोडा वेग कमी पडेल, पण खेळताना तो सहसा जाणवणार नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र स्वस्त दिसले तरी घेऊ नका, कारण ते चारच मार्गिका वापरते, त्याची मेमरी बहुधा चारच जीबी असते, आणि आपल्यासारख्या जुन्या बोर्डावर ते ठळकपणे मार खाते.

प्रोसेसर पुढच्या हंगामासाठी ठेवा. तो बदलाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अद्ययावत करून घ्या आणि ते काम यूपीएसशिवाय मुळीच करू नका. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नसते. दुसरे म्हणजे कूलर सरळ वर ओढू नका. एवढ्या वर्षांत त्याखालची पेस्ट सुकून चिकटलेली असते आणि एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात. जोर लावला की प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटबाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी अर्धा तास संगणक चालवून तापवावा, मग बंद करून वीज काढावी, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवावा.

प्रश्न : आमच्या घरी भाव येईपर्यंत कापूस साठवून ठेवतात. मे महिन्यात गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत वेग निम्म्यावर येतो. नवा, महागडा कूलर घ्यावा का? (एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : आधी कॅबिनेटचे झाकण उघडा. कापूस साठवलेल्या घरातून आलेल्या एका संगणकात प्रोसेसरच्या कूलरचा पंखा मी काढला, तेव्हा खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर करड्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसलेला होता. तो चिमटीत धरून एका तुकड्यात उचलून निघाला. वारा आत जायला जागाच उरली नव्हती. तो थर काढून नवी पेस्ट लावल्यावर त्याच पंख्याने काम भागले. सफाई करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रश किंवा हातातला ब्लोअर वापरा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाण्याचे तुषार असतात. कापूस घरात असेल तोवर महिन्यातून एकदा ही सफाई करावीच लागेल. जमल्यास संगणक वेगळ्या खोलीत आणि जमिनीपासून दोन फूट वर ठेवा.

राहिला उन्हाचा भाग. पंखा कितीही चांगला असला तरी तो संगणकाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि नवतपात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) टिनाखालच्या खोलीतली हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असते. म्हणून आपल्याकडे कमी वॅटचे कार्ड हीच खरी बचत आहे. गेममधली फ्रेमची मर्यादा मॉनिटरइतकी, म्हणजे साठवर बांधून टाका. त्यापलीकडच्या फ्रेम पडद्यावर दिसत नाहीत, त्यांची उष्णता मात्र खोलीत येते. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोलीत अवश्य लावा, परंतु त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, आणि कूलर व संगणक विजेच्या एकाच बोर्डावर जोडू नका, कारण कूलरची मोटर सुरू होताना दाब क्षणभर खाली येतो.

प्रश्न : घरी बॅटरीवरचा इन्व्हर्टर आहे. वीज गेली तरी त्यावर गेमिंगचा संगणक चालू ठेवता येईल का? (एक वाचक, ता. अहेरी, जि. गडचिरोली)

उत्तर : इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणारा, असेल तर चालवू नका. चांगल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असते आणि त्या चौकोनी लहरीवर ते गुरगुरते, तापते किंवा मध्येच बंद पडते. शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारख्या गोलसर लहरीचा) इन्व्हर्टर असेल तर भार मोजून चालवता येईल. मात्र वीज गेल्यावर पालट होण्याच्या क्षणात संगणक बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरवरची कळ ‘संगणक’ किंवा ‘यूपीएस’ असे लिहिलेल्या बाजूला असावी. यूपीएस घेताना व्हीएचा आकडा वॅट समजू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि गेम चालू असताना मॉनिटरसह आपला संगणक तेवढ्याच्या जवळ जाऊ शकतो. त्यामुळे १ केव्हीएचा घ्यावा. त्यावर मिळणारी काही मिनिटे गेम साठवून संगणक नीट बंद करण्यासाठी आहेत, खेळण्यासाठी नाहीत.

यासोबत घरचे अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायांनी हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तिसरी पिन नुसतीच लोंबकळते आहे. मीठ-कोळशाचा खड्डा जुना असेल तर वायरमनला दाखवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा. वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की यूपीएसच्या भरवशावर न राहता भिंतीतला प्लग आणि इंटरनेटची तांब्याची वायर, दोन्ही काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचे दामिनी ॲप वीज पडण्याची सूचना देते. ते शेतात जाणाऱ्या वडिलांच्या फोनमध्येही टाकून द्या.

प्रश्न : ओळखीतून एक जुने ग्राफिक्स कार्ड निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावे का? (एक वाचक, जि. बुलढाणा)

उत्तर : बिल असेल आणि वॉरंटीचे निदान सहा महिने शिल्लक असतील तर विचार करा. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन कमावण्याचे काम, म्हणजे मायनिंग, थांबले आणि त्या कामात दिवसरात्र राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. ती सगळीच खराब असतात असे नाही, पण त्यांचे पंखे झिजलेले असतात. पंखा बोटाने फिरवून पाहा, त्याचा दांडा हलतो का आणि तो खरखरतो का ते तपासा. मग विकणाऱ्याच्याच घरी, त्याच्याच संगणकावर एखादा जड गेम अर्धा तास चालवून पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा उमटतात का ते पाहा. तेवढा वेळ बसू द्यायला तो तयार नसेल, तर पैसे खिशातच ठेवून परत या.