वाचक विचारतात : डोंगरातले ताकायामा आणि त्यात मिळालेली गावे

प्रश्न : क्षेत्रफळाने जपानमधील सर्वांत मोठे शहर टोकियो नसून ताकायामा आहे, असे सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात वाचले. त्याच पुस्तकात पुढे या शहराच्या हद्दीत ३,००० मीटरहून उंच शिखरे असल्याचे म्हटले आहे. हे खरे असेल तर त्याला शहर का म्हणायचे? थोडे सविस्तर सांगावे.
– एक निवृत्त शिक्षक, ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : आपण वाचले ते दोन्ही खरे आहे. ताकायामाचे क्षेत्रफळ सुमारे २,१७८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे नागपूर महानगरपालिकेच्या क्षेत्राच्या नऊ-दहा पट. संपूर्ण टोकियो महानगर प्रांताएवढा हा विस्तार आहे आणि ओसाका प्रांत तर त्याहून लहान आहे. पूर्व-पश्चिम सुमारे ८१ आणि दक्षिण-उत्तर सुमारे ५५ किलोमीटर पसरलेल्या या हद्दीत २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम ८४ हजार लोक राहतात, आणि जमिनीपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग जंगलाचा आहे.

हे समजून घेण्यासाठी जपानची व्यवस्था आधी पाहावी लागेल. आपल्याकडे नगरपालिकेची हद्द जिथे संपते, तिथून ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचा कारभार सुरू होतो. जपानमध्ये प्रांताच्या खाली कारभाराची एकच पातळी आहे, आणि देशातील जवळपास सर्व जमीन कोणत्या ना कोणत्या शहराच्या, नगराच्या किंवा गावाच्या वाट्याला आलेली असते. त्यातून डोंगर, जंगल किंवा हिमाच्छादित शिखरही सुटत नाही. पूर्वीचे जिल्हे नकाशावर आणि पत्त्यात उरले असले, तरी त्यांची कार्यालये १९२० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे शेजारची गावे एखाद्या शहरात विलीन झाली की त्या गावांचे जंगल आणि शिखरेही त्याच शहराच्या दप्तरात येतात. ताकायामाच्या पूर्व सीमेवरील ओकु-होताका हे ३,१९० मीटर उंचीचे शिखर आणि ३,०२६ मीटर उंचीचे नोरिकुरा याच मार्गाने शहराच्या हद्दीत आले. मूळ वस्ती मात्र समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास, डोंगरांनी वेढलेल्या एका खोलगट पठारावर आहे, आणि पर्यटक ज्या जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या पाहायला जातात त्या तिथेच आहेत.

ताकायामा गिफू प्रांताच्या उत्तरेकडील हिदा या भूभागात आहे. त्याला समुद्रकिनारा नाही, परंतु त्याच्या हद्दीतले पाणी दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाते, आणि माझ्या मते या शहराच्या भूगोलातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे. मियागावा नदी शहराच्या मध्यातून उत्तरेकडे वाहत जाते, पुढे जिन्झू या नावाने तोयामाच्या उपसागराला, म्हणजे जपानच्या समुद्राला मिळते. हिदागावा नदी मात्र दक्षिणेकडे वाहून किसो नदीत जाते आणि तिचे पाणी प्रशांत महासागराच्या बाजूला पोहोचते. आपल्या अमरावती जिल्ह्यात पश्चिमेकडचे पाणी पूर्णेवाटे तापीला मिळून अरबी समुद्राला जाते आणि पूर्वेकडचे वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागराला. तसेच हे आहे, फक्त तिथे ते एकाच नगरपालिकेच्या हद्दीत घडते.

ताकायामाहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसल्यास हा जलविभाजक प्रवाशाला प्रत्यक्ष ओलांडता येतो. हिदा-इचिनोमिया स्थानकापर्यंत मियागावा गाडीच्या उलट दिशेने वाहते. त्यानंतर डोंगर पोखरून काढलेला बोगदा लागतो. बोगद्यापलीकडे कुगुनो हे सफरचंदाच्या बागांसाठी ओळखले जाणारे गाव येते आणि तिथून पुढे नदी गाडीच्याच दिशेने वाहू लागते. १९३४ मध्ये हा लोहमार्ग पूर्ण झाला, तोपर्यंत हिदातील माणसाला बाहेरच्या जगाशी व्यवहार करायचा म्हणजे घाट चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पूर्वेकडचा नोमुगी घाट १,६७२ मीटर उंचीवर आहे. मेइजी सम्राटाच्या काळात (१८६८-१९१२) हिदातील गरीब घरांतील मुली सुवा सरोवराजवळच्या रेशीम गिरण्यांत कामाला जाण्यासाठी हाच घाट बर्फ तुडवीत पायी ओलांडत असत. नागानो प्रांताकडे बारमाही वाहतूक सुरू होण्यासाठी आबो बोगद्याची वाट पाहावी लागली, आणि तो १९९७ मध्ये खुला झाला.

प्रश्न : हे शहर एकदम एवढे मोठे झाले की टप्प्याटप्प्याने? त्याचा थोडा इतिहास कळावा.
– एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : टप्प्याटप्प्याने, पण शेवटचा टप्पा बाकी सर्वांहून कितीतरी मोठा होता.

हिदाची पूर्वीपासूनची संपत्ती म्हणजे लाकूड आणि ते घडवणारे हात. आठव्या शतकातील कायद्याने या प्रांताला काही करांतून सूट देऊन त्याऐवजी दर ५० घरांमागे १० कारागीर राजधानीच्या बांधकामांवर पाठवण्याचे बंधन घातले होते. १५८५ मध्ये कानामोरी नागाचिका याने हिदा जिंकले आणि ताकायामाची वसाहत आखली. १६९२ मध्ये शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, हा प्रदेश कानामोरी घराण्याकडून काढून थेट आपल्या अमलाखाली घेतला. येथील जंगल आणि खाणी हे त्यामागील मोठे कारण होते. शोगुनच्या अधिकाऱ्यांची कचेरी आजही शहरात जतन केलेली आहे.

मेइजी राजवटीत हिदा १८६८ मध्ये आधी स्वतंत्र प्रांत झाला, १८७१ मध्ये डोंगरापलीकडच्या मात्सुमोतो येथून चालणाऱ्या चिकुमा प्रांताला जोडला गेला आणि १८७६ मध्ये गिफूत आला. निजाम, इंग्रज, मध्य प्रांत, द्विभाषिक मुंबई राज्य आणि शेवटी महाराष्ट्र असा प्रवास केलेल्या वऱ्हाडातील वाचकांना या फेरबदलांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

गावे एकत्र करण्याच्या तीन मोठ्या लाटा जपानमध्ये आल्या, आणि प्रत्येक लाटेमागे एक ठरावीक हिशेब होता. १८८८-८९ मध्ये, प्राथमिक शाळा आणि नोंदणीचे काम पेलू शकेल एवढे गाव असावे म्हणून ३०० ते ५०० घरांचे प्रमाण धरून ७१,३१४ गावांची आणि नगरांची संख्या १५,८५९ वर आणण्यात आली. १९५३ च्या कायद्याने, युद्धानंतर सक्तीच्या झालेल्या माध्यमिक शाळेचा खर्च झेपावा म्हणून ८,००० लोकसंख्येचे प्रमाण धरले गेले आणि ९,८६८ ची संख्या १९६१ पर्यंत ३,४७२ झाली. तिसरी लाट १९९९ नंतरची. तिच्यात ३,२३२ ची संख्या मार्च २०१० अखेर १,७२७ वर आली.

ताकायामाची वाटचाल या लाटांच्या बरोबरीने, पण थोडी आपल्या गतीने झाली. १ नोव्हेंबर १९३६ रोजी ताकायामा आणि ओनादा ही दोन नगरे मिळून शहर झाले, १९४३ मध्ये कामिएदा आणि १९५५ मध्ये ओहाचिगा ही गावे त्यात आली. त्यानंतर अर्धे शतक मोठा बदल झाला नाही. १ फेब्रुवारी २००५ रोजी मात्र एकाच दिवशी कुगुनो आणि कोकुफु ही दोन नगरे, तसेच असाही, कियोमी, मिया, न्यूकावा, शोकावा, ताकाने आणि कामिताकारा ही सात गावे ताकायामात विलीन झाली. त्याच सुमारास शेजारी चार नगरे-गावे मिळून हिदा शहर आणि पाच मिळून गेरो शहर तयार झाले. संपूर्ण हिदा भूभागात वीस स्थानिक संस्था होत्या, त्या चार राहिल्या.

प्रश्न : या चारपैकी चौथी संस्था कोणती?
– एक विद्यार्थिनी, ता. कोरची, जि. गडचिरोली

उत्तर : शिराकावा हे गाव. उतरत्या गवती छपरांच्या घरांमुळे १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलेले हे छोटे गाव विलीनीकरणात सामील झाले नाही. ओनो जिल्ह्यात आता तेवढे एकच गाव शिल्लक आहे. सरकारचा आग्रह कितीही असला, तरी कायद्याने निर्णय गावाच्याच प्रतिनिधीगृहाचा होता, हे या उदाहरणावरून दिसते.

प्रश्न : आमची गट ग्रामपंचायत तालुक्याच्या नगरपंचायतीत घेण्याची चर्चा आहे. सोयी वाढतील असे काही जण म्हणतात, तर गावाची किंमत जाईल असे काही जण म्हणतात. जपानमधील गावे कशासाठी तयार झाली आणि त्यांना काय अनुभव आला, हे कळल्यास आम्हाला विचार करता येईल.
– एक ग्रामपंचायत सदस्या, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपण नेमका मुद्दा विचारला आहे. जपानमधील गावे मुख्यतः पैशाच्या अडचणीने तयार झाली. डोंगरी गावांचे स्वतःचे उत्पन्न थोडे असते आणि त्यांचा कारभार केंद्राकडून वाटून मिळणाऱ्या करनिधीवर चालतो. या निधीत लहान गावांना मिळणारी जादा सवलत कमी होत गेली, आणि २००४ पासूनच्या आर्थिक सुधारणांत एकूण निधीलाच मोठी कात्री लागली. दुसरीकडे, मुदतीत विलीन होणाऱ्यांसाठी भरघोस सवलती होत्या. नव्या कामांच्या खर्चापैकी ९५ टक्के रकमेपर्यंत विशेष कर्जरोखे काढता येत आणि त्यांच्या परतफेडीचा ७० टक्के भार केंद्र निधीतून उचलत असे. शिवाय विलीनीकरणाचे वर्ष आणि पुढची १० वर्षे, जणू गावे वेगळीच आहेत असे धरून निधी मोजला जाई. त्यानंतरच्या ५ वर्षांत तो टप्प्याटप्प्याने उतरवला जाई. म्हणजे ज्या निधीकडे पाहून होकार दिला गेला, तो कधी आटणार हे होकार देतानाच ठरलेले होते.

विलीनीकरणाचे तिथे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात सर्व जुन्या संस्था विसर्जित होऊन नवी संस्था जन्मते. दुसऱ्या प्रकारात मोठे शहर तसेच राहते आणि लहान गावे त्यात घेतली जातात. हिदा आणि गेरो पहिल्या प्रकारे झाली, ताकायामा दुसऱ्या प्रकारे वाढले. दुसऱ्या प्रकारात शहराचा महापौर पदावर कायम राहतो, गावांचे प्रमुख आणि त्यांची प्रतिनिधीगृहे संपतात आणि शहराचे नियम गावांना लागू होतात. संक्रमणाच्या काळासाठी जादा सदस्यसंख्या किंवा स्थानिक सल्लागार मंडळ अशी तरतूद कायद्यात होती, पण ती मुदतीची होती.

ताकायामाने दोन गोष्टी राखल्या. जुन्या नऊही ठिकाणी शहराची शाखा कार्यालये ठेवली गेली, म्हणजे दाखल्यासाठी बर्फातून घाट उतरून मुख्य कार्यालय गाठण्याची पाळी येत नाही. गावांची नावेही पत्त्यात टिकली. शोकावा गावाचा भाग आज ताकायामा शहरातील शोकावा म्हणूनच ओळखला जातो, आणि मिया गावाने तेथील प्रसिद्ध मिनाशी देवस्थानाला अनुसरून इचिनोमिया हे नाव घेतले.

शोकावाची गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाच्या पाण्याखाली या गावाच्या काही वस्त्या गेल्या. अप्पर वर्धा किंवा गोसीखुर्दमुळे उठलेल्या गावांतील वाचकांना ते दुःख ठाऊक आहे. बुडणाऱ्या दोन देवळांच्या आवारातील ४५० वर्षांहून जुनी चेरीची दोन झाडे मुळांसकट उचलून वरच्या काठावर लावण्यात आली. एवढी जुनी झाडे जगतील असे फार थोड्यांना वाटत होते, पण ती जगली आणि आजही वसंतात फुलतात. ही झाडे ज्या गावाची, त्याचे स्वतंत्र प्रतिनिधीगृह २००५ मध्ये संपले. गावाने तोवर एवढे सोसले असताना त्याच्या भविष्याचा निर्णय आता दूरच्या मोठ्या सभागृहात, थोड्या आवाजांच्या बळावर व्हावा, ही मला या विलीनीकरणाची सर्वांत जड बाजू वाटते. शाखा कार्यालय दाखला देते. रस्ता आधी कोणता करायचा, हे ते ठरवत नाही.

आपल्या प्रश्नाला हे थेट लागू पडते. नगरपंचायतीत गेल्यावर गावाची ग्रामसभा राहत नाही. गावातील कोणतीही बाई उठून हिशेब विचारू शकते अशी ती एकमेव जागा आहे, आणि तिच्या बदल्यात आपल्या गावाच्या वाट्याला एखाद-दुसरा नगरसेवक येईल. ग्रामीण भागासाठीच्या योजनांपैकी कोणत्या बंद होतील, घरपट्टी आणि पाणीपट्टी किती वर्षांत किती वाढेल, गावात कार्यालय राहील का आणि त्यात बसणाऱ्याला सही करण्याचा अधिकार असेल का, या प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नका. चिखलदरा आणि धारणीसारख्या अनुसूचित क्षेत्रांत पेसा या आदिवासी भागातील पंचायतींसाठीच्या कायद्यामुळे वाडीची किंवा पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, म्हणजे तिथे कायद्याची दिशा उलट आहे. आपले गाव अशा क्षेत्रात आहे का, हे तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या. हद्दवाढीची प्रारूप अधिसूचना निघते तेव्हा हरकतींसाठी मुदत दिलेली असते. त्या मुदतीपूर्वी ग्रामसभा बोलावून हे सर्व प्रश्न ठरावात लिहून घ्या, आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या.