वाचकांचे प्रश्न : इंग्लंड सोडून गेलेल्या पूर्वजाचा माग

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे खापरपणजोबा इंग्लंडहून आले, बेंडिगोला सोन्याच्या खाणीत होते आणि १८९७ मध्ये तिथेच वारले. नाव आणि आडनाव दोन्ही अगदी सर्रास आढळणारी. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत त्या नावाची ढीगभर माणसे निघतात. आमचा माणूस त्यातला कोणता? (मेलबर्नहून एक वाचक)

उत्तर : इंग्लंडचे दप्तर तूर्त मिटून ठेवा. १८४१ च्या जनगणनेत जन्मगाव लिहिलेलेच नाही. जन्म त्याच काउंटीतला (जिल्ह्यातला) आहे की नाही, एवढेच आहे. पंधरा वर्षांवरच्यांची वयेही बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणली आहेत, म्हणजे २९ चा माणूस २५ चा दिसतो. तुम्हाला हवे आहे पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचे नाव, आणि ते तुमच्याच राज्यात सापडेल.

व्हिक्टोरियात १८५३ पासून सरकारी नोंदणी आहे. तिथल्या मृत्यूच्या दाखल्यापुढे इंग्लंडचा दाखला अगदीच मुका. व्हिक्टोरियाच्या दाखल्यावर आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचा धंदा, जन्मस्थळ, लग्न कुठे व कितव्या वर्षी झाले, मुलांची नावे आणि वये असे रकाने असतात. त्यातच वसाहतीत किती वर्षे काढली याचा एक रकाना असतो. हा रकाना घाईत वाचू नका. समजा तिथे ‘साउथ ऑस्ट्रेलिया ५ वर्षे, व्हिक्टोरिया ४५ वर्षे’ असे आहे. १८९७ मधून ५० वजा करा. माणूस १८४७ च्या सुमारास उतरला, तोही ॲडलेडला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचे कितीतरी खाणकामगार असेच आधी साउथ ऑस्ट्रेलियातल्या बर्राच्या तांब्याच्या खाणीवर गेले आणि १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने निघाल्यावर तिकडे सरकले. अशा माणसाला मेलबर्नच्या जहाजयाद्यांत शोधणे म्हणजे नुसता वेळ दवडणे.

यात एक गोम आहे. ही माहिती सांगणारा मुलगा, जावई किंवा शेजारी असतो, आणि त्याने ज्याचे गाव कधी पाहिलेच नाही त्याचे गाव तो सांगत असतो. म्हणून व्हिक्टोरियात जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखलेही मागवा. त्यावर आईवडिलांची जन्मस्थळे असतात आणि सांगणारे बहुधा तेच दोघे असतात. निदान दोन दाखले जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. गावांची नावेही फसवतात. लॉन्सेस्टन कॉर्नवॉलमध्ये आहे तसे टास्मानियातही आहे, आणि रेडरुथ कॉर्नवॉलमध्ये आहे तशी बर्रालाही त्या नावाची वस्ती होती.

पॅरिश हाती लागली की बाप्तिस्म्याची नोंद काढा. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाची दोन-तीन पोरे हमखास मिळतात. तिथे बहुतेक जण आवडेल त्याला उचलून घरी आणतात. तसे न करता प्रत्येकाचे पुढे काय झाले ते पाहा. जो लहानपणीच पुरला गेला तो बाद. जो १८५१ आणि १८६१ च्या जनगणनेत तिथेच बायकापोरांसह राहतो आहे, तोही बाद. १८५१ पासून जन्माची पॅरिश लिहिलेली असते, त्यामुळे ही छाननी जमते. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : आजीचे आजोबा इंग्रज, जीआयपी रेल्वेत ड्रायव्हर. ‘इंग्लंडहून रेल्वेसाठी आणले’ असे घरात सांगतात. कागद कुठे मिळेल? (भुसावळ)

उत्तर : लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. त्यातली एन/३ ही मालिका मुंबई इलाख्याची. चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी विलायतेला जात, त्याच या. पहिली शोधायची ती लग्नाची नोंद, कारण तिच्यात वराचा धंदा आणि वडिलांचे नाव मिळते. नोंद भुसावळच्याच नावावर असेल असे धरून चालू नका. लहान ठाण्यांवर पाद्री फिरतीवर येत, त्यामुळे बाप्तिस्मा काही महिन्यांनी आणि दुसऱ्याच ठाण्याच्या वहीत सापडतो. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट शोधता येते, सुरुवात तिथून करा.

आता घरातल्या गोष्टीबद्दल. ‘रेल्वेसाठी आणले’ हे खरे असू शकते. पण पलटणीबरोबर आलेले आणि इथेच नाव कापून रेल्वेत शिरलेले गोरेही पुष्कळ होते. लग्नाच्या किंवा थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘प्रायव्हेट’ (साधा शिपाई) आणि पलटणीचे नाव दिसले, तर वाट बदला. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे लष्करी खाते) ९७ ही मालिका पाहा. तिच्यात शिपायाचा जन्म कोणत्या पॅरिशचा ते असते. मात्र १८८३ पूर्वीचे कागद फक्त पेन्शन मिळालेल्यांचे आहेत. पैसे भरून पलटणीतून सुटलेला माणूस त्यात नसणारच, आणि रेल्वेत गेलेल्यांत असे असायचे. त्यांच्यासाठी पलटणीचे हजेरीपट, डब्ल्यूओ १२, १८७८ पर्यंतचे. ज्या तिमाहीत त्याचे नाव कापले गेले, तिथे जन्मगाव मिळण्याची शक्यता आहे.

प्रश्न : आमच्या जावयांचे पणजोबा १८८३ मध्ये लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला गेले. ब्रिटनच्या प्रवासी याद्यांत नाव नाही. एलिस बेटावर आडनाव बदलले असेल का? (पुणे)

उत्तर : नाही. ब्रिटनमधून बाहेर गेलेल्यांच्या याद्या १८९० पासूनच्याच शिल्लक आहेत. एलिस बेटावरचे न्यूयॉर्कचे तपासणी ठाणेही १८९२ मध्ये सुरू झाले, आणि तिथले अधिकारी जहाजावरून आलेल्या यादीशी नावे ताडून पाहत, नवीन नाव ठेवत नसत. १८८३ ची आगमनाची यादी कॅसल गार्डन या न्यूयॉर्कच्या त्याआधीच्या ठाण्याची, अमेरिकेच्या दप्तरातली. आडनावाची स्पेलिंगे चार-पाच तऱ्हांनी टाकून पाहा. तरीही नाही मिळाले तर क्विबेकच्या याद्या चाळा, कारण कॅनडात उतरून पुढे अमेरिकेत गेलेलेही बरेच होते.