बाटलीतला मसाला संपेल म्हणून

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरोज माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आली ती झोपेची तक्रार घेऊन. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला तिची संमती आहे.) पहाटे साडेतीनला डोळे उघडतात, छातीत धडधडतं, आणि मग उजाडेपर्यंत ती मनातल्या मनात मांस तोलत पडून राहते. किती किलो आणायचं, कलेजी किती, अठरा माणसांना पुरेल का. "मॅडम, यंदा नाताळचं जेवण माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि तिला पुढे बोलता येईना.

सणाच्या तोंडावर असं दुखणं घेऊन येणाऱ्या बायका मला दर वर्षी भेटतात. कुणाचे गौरी-गणपती असतात, कुणाची दिवाळी, कुणाचा नाताळ. "जेवण बिघडलं तर?" हाच प्रश्न. तो स्वयंपाकाचा वाटतो, म्हणून घरची माणसं म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. आणि बाईलाही तसंच वाटायला लागतं, की आपणच काहीतरी वेड्यासारखं करतोय.

सरोज मूळची नगरकडची, मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट घरातली. तिच्या माहेरी नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या आणि मटणाचा रस्सा. लग्न होऊन ती आली मुंबईतल्या एका जुन्या गावठाणात, ईस्ट इंडियन कुटुंबात. ही माणसं इथल्याच मातीतली, मराठी बोलणारी, कॅथलिक. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. धर्म एक, भाषा एक, पण स्वयंपाकघर पार वेगळं. डुकराचं मांस तिने लग्नाआधी कधी शिजवलंच नव्हतं. सगळं शिकवलं सासूने. अकरा वर्षं दोघी नाताळला एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि जूनमध्ये सासूबाई हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेल्या.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळे कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन गेले होते. तिथे मोठ्या नणंदेने विचारलं, "यंदा जेवण घरीच ना?" सासरे म्हणाले, "घरीच. दर वर्षी होतं तसंच." सरोज 'हो' म्हणाली. त्याच रात्रीपासून झोप उडाली.

पहिल्या भेटीत मी तिला एक सल्ला दिला, जो देण्याची घाई करायला नको होती. म्हटलं, गावठाणातल्या कितीतरी बायका डिसेंबरमध्ये सोरपोतेलच्या, म्हणजे डुकराचं मांस आणि कलेजीच्या आंबट-तिखट कालवणाच्या, ऑर्डरी घेतात. निम्मं बाहेरून मागवा. तिने मान हलवली आणि एकदम गप्प झाली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्यानंतर आली तेव्हा मी तिची माफी मागितली. तिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन बसले होते. मग म्हटलं, "मला काही सुचवायचं नाही. आई हे सगळं कसं करायच्या, ते सांगा."

ती तासभर बोलली. सोरपोतेलसाठी मांस आणि कलेजी आधी उकडायची, गार होऊ द्यायची, मग नखाएवढे चौकोनी तुकडे कापायचे, तेही सगळे सारखे. तुकडे परतून मसाल्यात आणि व्हिनेगरमध्ये मंद आचेवर शिजवायचे. २२ तारखेला करून ठेवायचं आणि रोज एक उकळी द्यायची, कारण मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. सोबत फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. त्यांचं पीठ मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं. आता यीस्ट घालतात, पूर्वी ताडीवर फुगवायचे. ते पीठ मुठीत घेऊन मूठ आवळायची, अंगठ्याजवळून गोळा वर येतो, तो अलगद तेलात सोडायचा. "माझे अजून शेपटीवाले होतात," सरोज म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

मग ती बाटली मसाल्याबद्दल बोलायला लागली आणि तिचा आवाज बसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून, वीस-पंचवीस जिनसा वेगवेगळ्या भाजून, कुटून हा मसाला करतात आणि बियरच्या गडद रंगाच्या बाटल्यांमध्ये काठीने ठासून भरतात. वर्षभर टिकतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि बहुतेक घरांत ते कागदावर नसतं. सासूबाईंनी शेवटचा मसाला मे महिन्यात केला होता, जाण्याच्या महिनाभर आधी. आता एकच बाटली उरली होती. अठरा माणसांच्या जेवणाला ती जवळजवळ पूर्ण लागणार होती.

"संपली की संपली," ती म्हणाली. "आणि मी ती बिघडलेल्या सोरपोतेलात घालवली तर?"

इथे आम्हाला खरी जागा सापडली. सहा महिने सरोज कुणासमोर रडली नव्हती. सुनेने सासूसाठी किती रडावं, याचीही लोकांच्या मनात मापं असतात. नवऱ्याला सावरायचं, सासऱ्यांचं पथ्य सांभाळायचं, नोकरी करायची. तिचं दुःख फडताळात त्या बाटलीशेजारी ठेवलेलं होतं, आणि नाताळला दोन्ही एकदमच उघडावं लागणार होतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली, ती मला कामात नेहमी उपयोगी पडते. शोकातला माणूस हेलकावे घेत असतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे, त्या रिकाम्या जागेकडे वळतो. कधी रोजच्या कामांकडे आणि नव्या जबाबदाऱ्यांकडे. दोन्हीकडे जाता आलं पाहिजे. सरोज सहा महिने एकाच टोकाला उभी होती. मी तिला म्हटलं, "जेवणाची तयारी करताना रडू आलं तर येऊ द्या. तेवढा वेळ गॅस बारीक ठेवा."

पुढच्या भेटीला मी नवऱ्याला आणि सासऱ्यांना बोलावलं, तिला विचारूनच. सासरे अवघडून बसले होते. मी एवढंच विचारलं की नाताळच्या तयारीत तुम्ही काय करायचात. ते म्हणाले, "मी काय करणार? नुसतं मांस कापायचो." सरोज चमकली. तिने सांगितलं ते सारखे चौकोनी तुकडे चाळीस वर्षं तेच रात्री बसून कापत होते. तिला वाटायचं, पप्पा टीव्हीसमोर बसून जरा मदत करतात. या वर्षी कुणी बोलावलं नाही, तर जायचं कसं, असं त्यांच्या मनात होतं. 'दर वर्षी होतं तसंच' असं ते कबरीपाशी म्हणाले त्यात त्यांचा सुरा आणि पाटही होता. सुनेला मात्र तो हुकूम वाटला.

नणंदेला फोन करणं सरोजला सगळ्यात जड गेलं. ती परीक्षा घ्यायला येणार, अशी तिची खात्री होती. आम्ही फोनवर म्हणायचं वाक्य इथेच तीनदा म्हणून पाहिलं: "ताई, व्हिनेगर किती घालायचं ते मला आईसारखं जमत नाही. २२ला याल का?" नणंद लगेच हो म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "मी आलेलं तुला चालेल ना?" आईच्या स्वयंपाकघरात आता आपण पाहुणे, असं तीही धरून बसली होती.

हे वाचणाऱ्या कुणाला याच काळजीने घेरलं असेल, तर सरोजने पुढे काय केलं तेही सांगते. तिने एका कागदावर जेवणातले सगळे पदार्थ लिहिले आणि घरातल्या प्रत्येकाला विचारलं: यातलं काय नसेल तर तुम्हाला नाताळ वाटणार नाही? सगळ्यांच्या उत्तरांत दोनच गोष्टी आल्या, सोरपोतेल आणि फुगे. बदकाचं मोईल, म्हणजे मसालेदार कालवण, ज्याच्या धास्तीने ती सगळ्यात जास्त जागत होती, ते कुणीच म्हटलं नाही. त्याच्या जागी तिने माहेरचा मटणाचा रस्सा ठरवला. कलकल, म्हणजे नाताळचा गोड तळलेला खाऊ, मुलांनी आठवडाभर आधी काट्याच्या पाठीवर वळून तळायला दिले. २५ तारखेला ओट्यावर फक्त फुगे आणि भात उरला. हे नियोजन मी तिला पहिल्याच दिवशी दिलं असतं, तर त्याचा काही उपयोग झाला नसता, असं माझं मत आहे.

एक मात्र आवर्जून सांगते. झोप उडणं, भूक मरणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, तर सणाचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सरोजलाही मी पाठवलं होतं. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं.

जानेवारीत ती आली. पहिला घास घेऊन नणंद म्हणाली होती, "आंबट कमी आहे गं." टेबलावर सगळे गप्प झाले. सरोजच्या पोटात गोळा आला. मग सासरे म्हणाले, "तिचंही २५ला कमीच असायचं. २६ला वरून घालायची ती." आणि एवढ्या माणसांसमोर ते रडले. जून महिन्यानंतर पहिल्यांदाच. नंतर फुगे आले, शेपटीवालेच.

बाटलीच्या तळाशी दोन चमचे मसाला राहिला होता. तो तिने मुद्दाम ठेवला होता.

मेच्या शेवटी तिचा फोन आला. मागे कुणीतरी सारखं शिंकत होतं. नणंद चार दिवस राहायला आली होती, गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि दोघींनी आठवून आठवून, भांडून, एक प्रमाण वहीत लिहून काढलं होतं. नवा मसाला बाटल्यांत भरण्याआधी नणंदेने जुनी बाटली परातीवर उपडी केली, तळाला दोनदा थापटलं आणि ते दोन चमचे नव्यात हाताने मिसळले.