फी माफ होते, मग अडतं कुठं?

"पोरगी हुशार हाय, मार्क बी चांगलं हायती. पण पुढचं आमाला झेपंल का, मॅडम?"

बारावीच्या निकालानंतर माझ्यासमोर बसणारे आईवडील हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मी सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या मुलामुलींसाठी समुपदेशनाचं काम करते. बहुतेक घरांतून कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच मूल असतं. शाळेत त्यांना सांगितलेलं असतं, "काळजी करू नका, सगळं शासन देतं." भावकीत सांगितलेलं असतं, "कर्जात बुडशील." दोन्ही अर्धवट आहे. माझ्या पाहण्यात फीमुळे शिक्षण सुटलेली मुलं कमी आहेत. एखादा दाखला वेळेत न मिळाल्यामुळे आणि पहिल्या तीन महिन्यांची रोकड हातात नसल्यामुळे घरी बसलेली मुलं कितीतरी जास्त आहेत. हे नीट कळावं म्हणून सुवर्णाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुवर्णा अनुसूचित जातीतली. वडील गवंड्याच्या हाताखाली बिगारी, आई शेतमजूर. पूर्वी दोघं ऊसतोडीला जायचे. पोरांच्या शाळेचे हाल होतात म्हणून त्यांनी कोयता सोडला होता. सुवर्णा बारावी सायन्सला होती, गणित तिचा हातखंडा विषय. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं.

पहिली अडचण आली ती जात वैधतेची, आपण सगळे जिला 'व्हॅलिडिटी' म्हणतो तिची. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जिल्हा जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज केल्याच्या पावतीवर कधी कधी मुदत मिळते, पण मुदत संपेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा हातची जाते. म्हणून अकरावीतच अर्ज करा असं मी सांगत असते. सुवर्णाच्या घरी ते दिवाळीनंतर, तेही बारावीच्या वर्षात, कळलं.

अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, असं कुणीही सहज सांगतं. पण सुवर्णाचे आजोबा सालगडी होते, शाळेची पायरी त्यांनी पाहिलीच नव्हती. ज्यांना शाळेबाहेर ठेवलं, त्यांच्याच नातवंडांकडे शाळेचा जुना दाखला मागितला जातो. दरवर्षी हे बघताना मला वाईट वाटतं, रागही येतो. दुसरा मार्ग म्हणजे तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, जुनी जन्म-मृत्यूची नोंद. ती मोडीत असते, वाचणारा माणूस शोधावा लागतो. आम्ही नोंद शोधून काढली. पण पानाची कड फाटलेली, आजोबांचं नाव लागत होतं आणि पणजोबांचं अर्धंच होतं.

मग मी वडिलांना विचारलं, "तुमच्या वडिलांच्या बाजूनं कुणाकडं व्हॅलिडिटी आहे का?" वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र असलं तर काम बरंच सोपं होतं. ते गप्प बसले. आई म्हणाली, "हाय की. चुलत दिराच्या पोराची हाय." वडिलांनी मान फिरवली. गावठाणातल्या जागेवरून दोन्ही घरांत वाद झालेला, कित्येक वर्षं बोलणं बंद.

"त्याच्या दारात म्या पाय ठिवणार न्हाई."

मी त्यांना समजुतीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. भावकीतला सल माझ्या सांगण्यानं जाणार नव्हता आणि तो घालवणं हे माझं कामही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "भांडण तसंच राहू द्या. आपल्याला प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि नातं कबूल करणारं शपथपत्र, एवढंच पाहिजे." तरी ते हलले नाहीत. शेवटी आई उठली. "म्या जाते. जाऊ हाय ती माजी, तिच्याशी न्हाई माजं भांडान."

जावेनं त्याच संध्याकाळी झेरॉक्स दिली. शपथपत्राच्या दिवशी दोघे चुलतभाऊ तहसीलच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून उभे होते. वंशावळीच्या कागदावर आजोबांची नावं एकाखाली एक लिहिलेली. चुलत्यानं ती बोट ठेवून वाचली, एका नावाचा काना चुकला होता तो दाखवला, सही केली आणि न बोलता निघून गेला. प्रमाणपत्र मे महिन्यात हातात आलं.

इथपर्यंतचं काम कागदांचं होतं. खरी गाठ पुढं होती.

सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल चांगला लागला. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, पसंतीक्रम भरायची वेळ आली तेव्हा सुवर्णा म्हणाली, "मॅडम, मी इथंच बी.एस्सी. करते. मला गणित नको वाटायला लागलंय." जिला गणितात सगळ्यात जास्त मार्क, तिला अचानक गणित नको वाटतं, हे मला पटेना. बी.एस्सी. हा काही कमी प्रतीचा रस्ता नाही. तिला मनापासून तोच हवा असता तर मी मोडता घातला नसता. पण ती हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

मी विचारलं, "घरी काय चाललंय?" बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "आण्णा मुकादमाकडं गेले होते. उचल घ्यायला."

उचल म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम जोडप्याला देतो ती आगाऊ रक्कम. ती घेतली की नवराबायकोनं हंगामभर कारखान्याच्या फडावर राबायचं. आईवडील फडावर गेले की धाकटा भाऊ एक तर त्यांच्यासोबत जाणार, नाहीतर मागं म्हाताऱ्या आजीजवळ राहणार. सुवर्णानं स्वतः लहानपणी हे भोगलं होतं, तिची दुसरी निम्मी उसाच्या फडातच गेली होती. भावाच्या वाट्याला तेच येऊ नये म्हणून ती स्वतःचं स्वप्न कापत होती आणि त्याला गणिताचा कंटाळा असं नाव देत होती.

मुलगा किंवा मुलगी ऐनवेळी "मला नाही शिकायचं" म्हणाली, तर "मन लागत नसेल" असं समजून विषय सोडू नका, हे मी पालकांना आणि शिक्षकांना कळकळीनं सांगते. गरीब घरातली मुलं फार लवकर मोठी होतात. घरात रात्री हळू आवाजात झालेलं पैशाचं बोलणं त्यांना सगळं ऐकू येतं. पण ऐकलेल्या आकड्याची शहानिशा ती करू शकत नाहीत, म्हणून सगळ्यात वाईट तेच धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी तिघांना एकत्र बसवलं. मी वडिलांना विचारलं, "उचल किती घेणार होता?"

"लाखभर तरी लागंल न्हवं?"

हा लाख कुठून आला, ते त्यांनाही सांगता येईना. कुणीतरी सांगितलेला, भीतीतून आलेला आकडा होता तो. वर्षानुवर्षं मी हेच बघते. 'शिकवायला जमेल का' हा प्रश्न एवढा मोठा असतो की त्याला उत्तरच देता येत नाही. म्हणून मी तो मोडते आणि विचारते, ऑक्टोबर संपेपर्यंत हातात रोख किती लागतील, आणि कोणत्या तारखेला?

आम्ही कागद घेतला. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क: कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, त्यामुळे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती, अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर. राहणं: समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज. तिथं राहणं-जेवण मोफत असतं, पण याद्या लागायला वेळ जातो. तोवर पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत एका कॉटपुरती जागा, तिचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं. मेसचे पैसे. कॉलेजचं डिपॉझिट आणि शिष्यवृत्तीत न बसणारं किरकोळ शुल्क. ड्रॉइंगचं साहित्य, गादी, बादली, जेऊर स्टेशनहून पुण्याला येण्याजाण्याचं भाडं. सगळं मांडल्यावर बेरीज 28 हजारांच्या आसपास आली.

वडील बेरजेकडे बघतच राहिले. "यवढंच?"

एवढंच म्हणण्याइतकी ती रक्कम त्या घरासाठी लहान नव्हती. पण तिच्यासाठी दोन माणसांनी हंगामभर बांधून घ्यायची गरज नव्हती. आतापर्यंत गप्प बसलेली आई तेव्हा म्हणाली, "बकरी ईदला दोन बोकडं इकली, ते पैसं डब्यात हायती. राहिल्यालं बचत गटातनं उचलते, म्हैन्याला फेडता येत्यात." ही तयारी तिनं कधीच करून ठेवली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पैशाच्या बैठकीला आई हवीच, असा माझा आग्रह असतो.

प्रवेशाच्या खिडकीवर जे व्हायचं ते झालंच. "आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." असं ऐकलं की बरीच घरं तिथूनच माघारी फिरतात. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. वडिलांनी खिडकीवर वाद घालायचा नाही, विद्यार्थी विभागाच्या प्रमुखांना भेटायचं, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता दाखवून लेखी अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची, हे आम्ही आधीच घोकून ठेवलं होतं. सुवर्णा स्वतः बोलली. अर्धा दिवस गेला, पण प्रवेश झाला.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, आणि तिच्यामुळे पुढं मोठं नुकसान होतं. अनुसूचित जातीच्या या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. त्यातला फीचा भाग सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. घरच्यांना वाटतं, पोराला बक्षीस आलं. दुसऱ्या एका मुलाच्या घरी हे पैसे आजीच्या दवाखान्याला लागले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण पुढं कॉलेजनं थकबाकी काढली आणि परीक्षेच्या तोंडावर पोरगं रडकुंडीला आलं. खात्याचंही तसंच. सुवर्णाचं आधार शाळेत असताना उघडलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं निघालं, आणि ते वापर नसल्यानं बंद पडलं होतं. बँकेत जाऊन ते चालू करून घेतलं म्हणून पैसा अडकला नाही.

वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव दिवाळीच्या आत लागलं. लागलं नसतं तर स्वाधार योजनेचा अर्ज तयार होता. पुण्यासारख्या शहरात जेवण, राहणं आणि निर्वाहासाठी त्यातून वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. पण तो पैसा कधी कधी वर्ष संपत आल्यावर येतो, म्हणून स्वाधारवर विसंबायचं असेल तर रोकडीचा हिशेब तीन नाही, सहा-सात महिन्यांचा मांडावा लागतो. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयं योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) आणि सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) घरांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवर्ग कोणताही असो, रोकडीचा कागद मात्र प्रत्येक घरानं मांडावाच.

पहिल्या सत्राच्या निकालानंतर सुवर्णाच्या वडिलांचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, पोरगी नापास झाली. घिऊन येऊ का माघारी?"

ती गणितातच अडकली होती. वर्गात सगळं इंग्रजीतून, तेही भरभर. पहिले दोन महिने ती वहीत नुसती उतरवून घेत होती. विचारायला लाजत होती. मी वडिलांना केटी म्हणजे काय ते समजावलं. एक विषय राहिला म्हणजे शिक्षण संपत नाही, तो पुढच्या परीक्षेत सोडवता येतो, इंजिनिअरिंगला ही नेहमीची गोष्ट आहे. मग विचारलं, "ती तुम्हाला स्वतः बोलली का?" म्हणाले, "व्हय, तिनंच सांगितलं, रडत हुती." मी म्हटलं, "मग आज तिला फोन करून एवढंच सांगा की, बोकडाच्या पैशाचा हिशेब आम्ही मागत नाही." ते थोडं थांबले आणि म्हणाले, "सांगतो."

सुवर्णाशी मी वेगळं बोलले. वसतिगृहात तिच्याच कॉलेजच्या वरच्या वर्गातल्या दोन मुली होत्या, तिच्यासारख्याच मराठी शाळेतून आलेल्या. रोज रात्री जेवणानंतर तासभर त्यांच्यासोबत बसायचं, आणि न कळलेलं मराठीतून विचारायचं, असं ठरलं. उन्हाळी परीक्षेत विषय सुटला. दुसऱ्या वर्षाचा महाडीबीटीचा अर्ज तिनं स्वतःच भरला. उत्पन्नाचा जुना दाखला 31 मार्चला संपला, तर एप्रिलमध्येच वडिलांना नवा काढायला तहसीलला पिटाळलं. धाकटा भाऊ आता नववीत आहे. त्याच्या व्हॅलिडिटीला चुलत्याची झेरॉक्स मागावी लागणार नाही, बहिणीचीच जोडता येईल.